बिबट्याचे अकरा किलो

“म्याडम, तुमाला ह्ये पटायचं न्हाई,” राधाकिशन अण्णा म्हणाले आणि त्यांनी खुर्ची टेबलाशी ओढून घेतली. “आमच्या कडा गावात कुणाला पटलं न्हाई, आष्टीत न्हाई, पार जामखेडपत्तुर कुणाला न्हाई. तुमाला बी पटणार न्हाई. पर तुमी इच्यारलंच हाय, तर सांगतो.”

डॉक्टर शिवांजलींनी विचारलं होतं ते एवढंच, की अण्णा, व्यायाम कोणता करता?

शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या केशरबाईंनी डोईवरचा पदर सारखा केला आणि त्या भिंतीवरच्या जठराच्या चित्राकडे बघत राहिल्या. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. आपला नवरा ‘तुमाला पटायचं न्हाई’ असं म्हणाला, की ऐकणाऱ्याने खरोखरच पटवून घेऊ नये.

सात महिन्यांपूर्वी पुण्यात अण्णांचं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं, तेव्हा ते एकशे एक्केचाळीस किलो होते. दोन वेळा पंचायत समितीचे सभापती राहिलेला माणूस. कुठल्याही लग्नात पहिल्या रांगेत मान. पण अण्णा येताना दिसले की मांडववाला पळत जाऊन एका खुर्चीत दुसरी खुर्ची घालायचा, आणि तरी जेवणं होईपर्यंत त्या खुर्च्यांकडेच बघत उभा राहायचा. सकाळ-संध्याकाळ इन्शुलिनची सुई. गुडघे बोलायला लागलेले. घोरणं तर असं, की शेजारच्या वत्सलाबाई बोअरची मोटर चालू राहिली म्हणून ती बंद करायला उठायच्या आणि अंगणात येऊन कपाळावर हात मारायच्या.

पुण्याच्या डॉक्टरांनी त्यांचं पोट शिवून वाटीएवढं केलं आणि आतड्याची वाट वळवून दिली. आठवड्यात सुई सुटली. राहिली ती साखरेची सकाळची एक गोळी. डॉक्टर शिवांजली त्याच डॉक्टरांच्या हाताखालच्या, मूळच्या अंबाजोगाईच्या. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी त्या बीडला येऊन आपल्या भागातले पेशंट तपासायच्या. पहिल्या तीन महिन्यांत अण्णांचे बावीस किलो उतरले, तेव्हा अण्णा त्यांच्याकडे पेढ्यांचा पुडा घेऊन आले होते. बाईंनी पुडा बाजूला ठेवला आणि त्यांना एका यंत्रावर उभं केलं. दोन्ही हातांत दोन मुठी धरायच्या. चरबी किती, मांस किती, पाणी किती, सगळं यंत्र कागदावर छापून देतं.

“अण्णा, बाविसातले सात किलो तर मांस गेलंय,” बाई तेव्हा म्हणाल्या होत्या. “चरबी जायला पाहिजे होती, तुम्ही दंड-मांड्या घालवून आलात.”

“उतरलं तर उतरलं. वजन त्ये वजन.”

“तसं नसतं. खाणं कमी झालं की शरीर घाबरतं. त्याला वाटतं दुष्काळ पडला. मग ते आपली चूल मंद करतं, कमी जाळतं. त्यात मांस गेलं की जाळायची भट्टीच गेली. आज उतरताय, दीड-दोन वर्षांनी तेवढंच खाऊन चढायला लागाल. साखर परत येईल, सुई परत येईल. रोज आठ हजार पावलं चाला, आणि हातापायांना जोर पडेल असं काहीतरी करा. वजन ओढा, उचला, काहीही. मांस राबलं पाहिजे.”

सुईचं नाव निघाल्यावर अण्णांनी पेढ्यांचा पुडा परत पिशवीत घातला होता.

आज त्याला चार महिने झाले होते. मधल्या तीन तपासण्या अण्णांनी ‘पक्षाची मीटिंग हाय’ म्हणून चुकवल्या होत्या. आता नवा कागद टेबलावर होता. वजन एकशे चार. मांस मात्र कमी व्हायच्या ऐवजी दीड किलोने वाढलेलं. तीन महिन्यांची सरासरी साखर सहाच्या खाली. डॉक्टर शिवांजलींनी कागद दोनदा वाचला, यंत्र बंद करून परत सुरू केलं आणि अण्णांना परत उभं केलं. आकडा तोच.

“सहा वर्षं मी हे कागद बघतेय. साठीला टेकलेल्या माणसाचं, पोटाचं बायपास झाल्यावर, मांस वाढलेलं मी मोजून दोनदा बघितलंय. तुम्ही करता काय नेमकं?”

आणि म्हणून अण्णांनी खुर्ची ओढली होती.

“तुमी म्हणलाव आठ हजार पावलं. म्हणलं, त्याला काय लागतंय. पहाटं बूट घातले, नगर रोडनं निघालो. दोनशे पावलं झाली नसतील, आमच्या गल्लीतला अंगद फटफटी घिऊन आडवा. ‘अण्णा, गाडी बंद पडली व्हय? बसा.’ म्हणलं, न्हाई बाबा, फिरायला निघालोय. तर म्हणतो, ‘कुटं फिरायचंय? सोडतो की.’”

डॉक्टर हसल्या.

“हसू नका म्याडम. नको म्हणलं की माणूस रुसतो. बसलो. त्यानं गावातनं एक चक्कर मारली आन घरी आणून सोडलं. दुसऱ्या दिशी दुसरी वाट धरली, तर उसाचा ट्रॅक्टर थांबला. डायवर खाली उतरून हात जोडाय लागला. ‘सभापतीसाहेब पायी, आन मी वर बसू?’ तिसऱ्या दिशी दूधवाला. त्यानं तर कॅनच खाली ठिवले, मला जागा करायला. तीन दिवसांत माजी पावलं झाली नऊशे आन च्या झाला एकवीस कप. चौथ्या दिशी गावात बोभाटा, की पुण्याच्या डाक्टरनं आपरेशनात अण्णाची बसायची नसच कापली. आता त्यास्नी बसताच येत न्हाई, म्हणून नुसते चालत फिरत्यात!”

केशरबाईंनी मान हलवली. इथपर्यंत सगळं खरं होतं. नस कापल्याचं ऐकून वत्सलाबाई मुद्दाम घरी येऊन अण्णा बसतात का ते बघून गेल्या होत्या.

“मंग तुमी वढायला दिल्याली ती रबरी पट्टी. खिडकीच्या गजाला बांधली आन वढली. गजच निघाला भाईर.”

गज निघाला नव्हता. पट्टी निघाली होती, आणि अण्णा मागच्या मागे ज्वारीच्या पोत्यावर जाऊन बसले होते. पण एवढं चालायचं. केशरबाई गज सोडून द्यायला तयार होत्या. त्यांना काळजी होती ती पुढच्याची.

“मंग देवालाच दया आली,” अण्णांनी आवाज खाली आणला. भाषणात टाळ्यांच्या आधी आणायचे तसा. “त्यानं बिबट्या धाडला.”

“बिबट्या?”

“आमच्याकडं डोंगरपट्ट्यात हायेत, पेपरात येतंय. पहाटं साडेचारला मी टेकडीच्या कडंनं चाललोय, म्हणलं इकडं तरी कोण लिफ्ट देणार न्हाई. मागं पाचोळा वाजला. वळून बघतो तर बिबट्या. पर कसा? असा!” अण्णांनी दोन्ही हात पसरले ते थेट केशरबाईंच्या नाकापर्यंत आले. “लठ्ठ, म्याडम. आपल्यापैकीच. पोल्ट्रीच्या कोंबड्या, गावातली कुत्री, समदं आयतं खाऊन पोट भुईला टेकलेलं. मी पळालो. त्यो माज्या मागं. शंभर पावलांवर मी धापा टाकीत खाली बसलो. म्हणलं, झालं, आटपलं. वळून बघतो तर त्यो बी बसलेला. जीभ भाईर, पोट वरखाली.”

“मग?”

“मंग काय, बघत बसलो एकमेकांकडं. त्याला बी उमगलं, ह्यो आपल्यासारखाच हाय. जरा दम खाल्ला आन त्यानं गुरकावलं. म्हंजी ‘चल बे’ म्हणला. मी उठलो, पळालो. दुसऱ्या दिशी शंभराचे दोनशे झाले. महिन्याभरात आमी दोघं टेकडीला येढा मारायला लागलो. मी म्होरं, त्यो मागं. रविवारी सुद्धा खाडा न्हाई. एक दिस मला पडसं झालं, गेलो न्हाई, तर दुसऱ्या दिशी रुसून बसलाता झुडपात.”

डॉक्टर शिवांजलींनी पेन खाली ठेवलं आणि गाल हातात धरला. “बिबट्याचं किती उतरलं?”

“अकरा किलो.” अण्णांनी डोळ्याचं पातं हलू दिलं नाही.

“मोजलं कुणी?”

“फॉरेस्टवाल्यांनी. त्यास्नी त्याला पकडायचं व्हतं. पिंजरा आणला, आत शेळी बांधली. ह्यो आत गेला, दार पडलं. सकाळी बघत्यात तर पिंजरा मोकळा. गजातनं सरकून निघून गेलता! माज्यासंगं पळून पळून कंबर अशी झालती त्याची.”

“आणि शेळी?”

“शेळीला हात लावला न्हाई. पथ्यावर हाय म्हणल्यावर.”

आता मात्र डॉक्टर मोठ्याने हसल्या. बाहेर बाकावर बसलेल्या एका पेशंटने दारातून डोकावून बघितलं. “अण्णा, ऑपरेशन न करता नुसतं पळून अकरा किलो उतरायला लागले, तर मला दुकान बंद करावं लागेल. नुसत्या व्यायामाने काटा फार हलत नाही हो. आत फरक पडतो. यकृतावरची चरबी उतरते, साखर ताळ्यावर येते. काट्याला ते दिसत नाही, म्हणून लोक महिन्यात सोडून देतात. तुमच्या बिबट्याला सांगा, तो अपवाद आहे.”

“सांगतो की,” अण्णा म्हणाले.

केशरबाई जठराच्या चित्रातली आतडी मोजत होत्या. हसू तर त्यांनाही आलं होतं. बिबट्याची गोष्ट त्यांनी घरात, अंगणात, दोन बारशांत आणि एका तेराव्याला ऐकली होती आणि दर खेपेला बिबट्या किलोभर उतरत होता. अण्णांची टेकडी कुठली होती ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. ती टेकडी म्हणजे त्यांच्या घराच्या मागच्या पडवीत मांडलेलं दगडी जातं.

त्याचं असं झालं. रबरी पट्टी निघाल्यानंतर आठवडाभराने एका पहाटे लाईट गेली. अण्णांना दुधातून द्यायचं भाजक्या हरभऱ्याचं पीठ संपलं होतं. पोटात जागाच वाटीएवढी, त्यामुळे ताकदीचं आधी खायचं असं डॉक्टरांनी बजावलेलं. लग्नाच्या हळदीपुरतं बाहेर निघणारं जातं केशरबाईंनी धुऊन पुसून मांडलं आणि त्या एकट्याच ओढायला बसल्या. अण्णांना झोप नव्हती. ते आले, थोडा वेळ उभे राहिले, म्हणाले, “जड हाय व्हय?” आणि काय मनात आलं कोण जाणे, समोर मांडी ठोकून बसले आणि त्यांनी खुंट्याला हात घातला.

आठ फेरे. आठ फेऱ्यांत सभापतींच्या तोंडाला फेस आला.

“डाक्टरीण म्हणती त्ये ह्येच की गं,” ते म्हणाले. “वढा, उचला.”

दुसऱ्या दिवशी बारा फेरे. पंधरा दिवसांत पायलीभर हरभरा. मग नुसत्या बसण्याने पाय आखडतात म्हणून आडाचं पाणी. घरात मोटर होती, नळ होता. पण अण्णा रहाटाला दोर लावून पोहरा ओढायचे, हंडे भरायचे, भरलेले हंडे दोन्ही हातांत घेऊन परसात दहा चकरा मारायचे आणि शेवटी ते पाणी लिंबाच्या झाडाला घालायचे. लिंबाला त्या उन्हाळ्यात अशी फळं धरली की वाटून वाटून केशरबाई थकल्या. पिठाचं तेच. रोजचं दोन-तीन किलो पीठ दोघांच्या घरात जाणार कुठे? अर्ध्या गल्लीच्या डब्यांत केशरबाईंचं पीठ. वत्सलाबाईंनी विचारलं, “म्हातारपणी येवढं दळण कावून गं? गिरणीला काय झालं?” तर केशरबाई म्हणाल्या, “नवस हाय.” कसला ते वत्सलाबाईंनी विचारलं नाही. दोन महिन्यांत जातं झिजून गुळगुळीत झालं. अण्णा तालुक्याला गेल्याचा दिवस बघून केशरबाईंनी पाथरवटाला बोलावून त्याला टाकी मारून घेतली.

आणि हे सगळं पहाटे चार ते सहा, दोन्ही दारांना आतून कडी लावून.

कारण होते मोहनराव. वीस वर्षांपूर्वीच्या निवडणुकीत मोहनराव अण्णांच्या विरोधात उभे होते. मोहनरावांची बायको आजारी असायची, तेव्हा ते घरचं पाणी स्वतः भरायचे. अण्णांनी प्रत्येक सभेत एकच वाक्य फेकलं: “ज्याला घरचा हंडा सुटत न्हाई, त्यो तालुक्याला पाणी काय देणार?” लोक खुर्च्या वाजवून हसले. अण्णा अकराशे मतांनी निवडून आले. मोहनरावांना अजूनही काही लोक मागून ‘हंडेवाले’ म्हणतात. ते अजून कड्यातच राहतात, अण्णांच्या घरापासून चार घरं सोडून, आणि त्यांचे कान शाबूत आहेत.

म्हणून आज बीडला येताना अण्णांनी लिंबागणेशला गाडी थांबवली होती. दर्शन झालं. गणपतीसमोर हात जोडलेले असतानाच ते पुटपुटले, “केशर, तिथं जात्याचं नाव काढायचं न्हाई. देवाम्होरं शब्द दे.”

“आन चक्कर आल्याचं?”

“त्ये मी सांगतो माज्या परीनं.”

केशरबाईंनी शब्द दिला होता.

“बरं अण्णा,” डॉक्टर शिवांजलींनी डोळे पुसले आणि पेन उचललं. “बिबट्या झाला. आता कामाचं. मावशी आत येताना म्हणाल्या, तुम्हाला चक्कर आली होती.”

अण्णांनी केशरबाईंकडे एक नजर टाकली. “आलती. दोनदा. किरकोळ.”

“कशी? घाम आला? हात थरथरले?”

“बिबट्या मागं असल्यावर घाम येणारच की.”

“मी गंमत करत नाहीये. सकाळी आली की संध्याकाळी? उपाशीपोटी की खाऊन?”

अण्णा क्षणभर अडखळले. केशरबाईंना ते अडखळणं स्पष्ट दिसलं. उपाशीपोटी म्हणावं तर पुढचा प्रश्न येणार, की पहाटे उपाशीपोटी काय करत होता? “खाऊन,” ते म्हणाले. “भरल्या पोटी. दुपारचा आराम करत व्हतो.”

“साखर तपासली त्या वेळी?”

“मशीन घरात, आमी रानात.”

“आत्ता म्हणालात आराम करत होतात.”

“रानातच आराम करत व्हतो. झाडाखाली.”

डॉक्टर शिवांजलींनी कागदाकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं, परत कागदाकडे. हसू आता त्यांच्या तोंडावर राहिलं नव्हतं.

“अण्णा, माझी अडचण समजून घ्या. मांसाला साखर आत घ्यायची तर इन्शुलिनची किल्ली लागते. पण मांस राबत असलं ना, की ते किल्लीची वाट बघत नाही, दार स्वतःच उघडतं. म्हणून व्यायामाने साखर उतरते. तुमची उतरलीय, कागद सांगतोय. म्हणजे तुम्ही काहीतरी करताय आणि दणकून करताय. ते काय, कधी, किती वेळ, आधी काय खाता, हे मला कळलं तर चक्कर कशाची ते मी सांगू शकते. साधं कारण असेल, एका गोळीचा फरक असेल. पण तुम्ही मला बिबट्या सांगताय. आणि भरल्या पोटी, बसल्या जागी चक्कर येते म्हणता. मग मला हृदयाचाच संशय घ्यावा लागेल.”

“मंग घ्या की,” अण्णा उदारपणे म्हणाले.

“मग असं करू. आजपासून सगळा व्यायाम बंद. चालणं बंद, ओझं उचलणं बंद, पूर्ण आराम. पुण्याला आठ दिवस भरती व्हा, हृदयाच्या तपासण्या करू. तारीख मिळायला महिना जाईल. तोवर गोळी आहे तशी चालू ठेवायची. आराम केला की साखर वर चढणार, म्हणून ती चुकवायची नाही.” त्या लिहायला लागल्या. “चार महिन्यांत कमावलेलं मांस उतरेल थोडं. माझा नाइलाज आहे.”

केशरबाई चित्रातली आतडी मोजायच्या थांबल्या.

सगळं बंद म्हणजे ती पहाट बंद. छत्तीस वर्षं अण्णा खुर्चीत आणि त्या दाराशी उभ्या. जात्याला मात्र समोरासमोर बसावं लागतं, गुडघ्याला गुडघा लावून, एकाच खुंट्यावर चार हात. त्या चार महिन्यांत हा माणूस त्यांच्याशी जेवढं बोलला तेवढं आधी तीन तपांत बोलला नव्हता. ऑपरेशनच्या टेबलावर आपल्याला भीती वाटली होती, हे त्याने जात्यावर सांगितलं. एका पहाटे तो एकदम म्हणाला, “तुजं माहेरचं नाव काय गं? केशर तर आमी ठिवलं.” त्या म्हणाल्या, “सोजर.” तर फेरा थांबवून तो दोनदा तोंडातल्या तोंडात ते नाव म्हणून बघत बसला. मग केशरबाईंना जोर आला आणि त्यांनी आपल्या मनाची ओवी रचून म्हटली:

*जात्याच्या भोवती सांडलं गं पीठ,*
*सभापतीच्या मिशीला पांढरी तीट.*

अण्णांनी मिशी पुसली होती, आणि त्यामुळे ती आणखी पांढरी झाली होती.

पण ती पहाट गेली तरी चालली असती. केशरबाईंना ओळख होती आपल्या माणसाची. टेबलाखाली अण्णांच्या कोपराने त्यांच्या कोपराला हळूच टोचलं. डॉक्टर मान खाली घालून लिहीत होत्या. अण्णा ओठ न हलवता म्हणाले, “लिहू दे तिला. आपण आपलं चालू ठिवू.”

चालू ठेवू. म्हणजे उद्या पहाटे चारला उठणार. उठल्या उठल्या, दात घासायच्या आधी ती गोळी घशात टाकणार, कारण ‘एकदा घिऊन टाकली की डोक्याला ताप न्हाई.’ पोटात काही घातलं तर दळताना मळमळतं म्हणून दूध नाही, पीठ नाही, पाण्याचा घोट नाही. दोन तास राबणार. पहिली चक्कर जात्यावर आली होती. अंग गार पडलं, हात लटलट कापले, डोळे फिरले, आणि गुळाचा खडा तोंडात गेल्यावर पाच मिनिटांत माणूस उठून बसला. आता केशरबाईंच्या मनात आलं, की हे हृदयाचं दुखणं कसलं, गुळाने बरं होतं ते? दुसरी चक्कर आली ती आडावर. कठडा गुडघ्याएवढा. हातातून दोर सुटला, रहाट गरगर फिरला, पोहरा खाली जाऊन धाडकन आदळला, आणि अण्णा त्या आवाजाच्या मागे निघाल्यासारखे वाकले. केशरबाईंनी मागून त्यांच्या कमरेचा करदोटा आणि धोतर मिळून जे हाताला आलं ते धरलं आणि स्वतः जमिनीवर बसल्या. एकशे एक्केचाळीस किलोचा माणूस असता तर दोघंही खाली गेले असते.

“तर गोळी रोज सकाळी,” डॉक्टर शिवांजलींनी सही केली आणि कागद फाडला. “न चुकता. आणि अण्णा, चक्कर भरल्या पोटीच आली होती, हे नक्की ना? विचारून ठेवते, कारण उपाशीपोटी आली असती तर मी हे असं लिहिलंच नसतं.”

“नक्की म्हंजी काय,” अण्णा उठता उठता म्हणाले. हात कागदाकडे, तोंडावर सभेतलं हसू. “वाटलं तर बिबट्याला इच्यारा. त्यो व्हता की समोर.”

कागद टेबलावरून अण्णांच्या हातात जायच्या आत केशरबाईंचा तळवा त्याच्यावर पडला, पिठाचं पातेलं झाकावं तसा.

“खोटं!”

अण्णा उठायचे तसेच अर्धवट राहिले. बाहेरच्या बाकावरचा पेशंट परत दारातून डोकावला.

“समदं खोटं हाय, डाक्टरीणबाई. बिबट्या न्हाई, टेकडी न्हाई, दुपार न्हाई. चार महिने झाले, ह्ये पहाटं कडी लावून माज्यासमोर जात्यावर बसत्यात आन आडाचं पाणी शेंदत्यात. उठल्याबरुबर तुमची गोळी खात्यात आन पोटात अन्नाचा कण नसताना दोन तास राबत्यात. दोन्ही बारीला चक्कर तवाच आली, आन दुसऱ्या बारीला आडाच्या तोंडावर. मी करदोट्याला धरलं म्हणून आज इथं बसून बिबट्या सांगत्यात!”